गोदाक्काच्या पेट्यांचा वास

माकणीत मी सहा वर्षं राहिले. त्या वर्षांचा विचार केला की आधी आवाज आठवतो आणि मग माणसं. माझ्या भाड्याच्या खोलीची मागची खिडकी उघडली की लांब कुठं पिठाची गिरणी चालू असावी तसा एक संथ, जाडसर आवाज आत यायचा. पहिले दोन दिवस मला तो खरोखरच गिरणीचा वाटला. तिसऱ्या दिवशी शाळेतून परत येताना मी कुंपणापलीकडं डोकावले. चिंचेखाली चौदा लाकडी पेट्या मांडल्या होत्या आणि त्यांतल्या एकीच्या शेजारी, पाटावर, एक बाई डोळे मिटून बसली होती. डोक्यावर पदर, दोन्ही हात मांडीवर. माशा तिच्या कानाजवळून जात होत्या, येत होत्या. झोप लागली असेल म्हणून मी मागं फिरणार, तेवढ्यात डोळे न उघडता ती म्हणाली,

"तिथंच थांबा बाई. केळ खाल्लंय तुमी."

खाल्लं होतं. मधल्या सुट्टीत मुलींनी दिलेलं.

"साबण लावून हात-तोंड धुवा अन् मग या. माशी डसली की तिच्या नांगीतनं असाच वास सुटतोय. बाकीच्यांस्नी वाटतंय, घरावर कुणी आलंय, चला."

मी हात धुऊन परत गेले, आणि पुढं सहा वर्षं जातच राहिले. ही गोदाक्कांची आणि माझी ओळख.

आक्का तेव्हा साठीच्या आसपास होत्या. बुटक्या, सावळ्या, बोलताना मान किंचित तिरकी करायच्या. त्यांचं नाक काही वेगळं दिसायचं नाही, चारचौघींसारखंच होतं; पण गावात त्याचा दबदबा होता. कुणाच्या घरात तूर भिजत टाकली आहे, कुणाच्या कणगीत ओल शिरली आहे, हे त्या गल्लीतून जाता जाता सांगत. एकदा माझ्या खोलीत शिरल्या आणि म्हणाल्या, "गावाकडनं पत्र आलंय का? तुमच्या भूमचा वास येतोय. कोरड्या मातीचा." पत्र नव्हतं, भूमहून, माझ्या गावाहून, आईनं पाठवलेली गोधडी आली होती. ती मी अजून उघडलीही नव्हती.

मधमाश्यांसाठी त्यांनी स्वतःच्या अंगाचा वास सोडून दिला होता. सुवासिक तेल नाही, गजरा नाही, दिवाळीचं उटणंसुद्धा नाही. पेट्यांकडं जायचं एक लुगडं ठरलेलं. ते साध्या पाण्यातून काढायचं आणि पेट्यांच्या बाजूलाच वाळत घालायचं. "घराचा वास अंगाला लागावा लागतोय," असं त्या म्हणायच्या. हे त्यांचं आवडतं वाक्य. सून नव्या घरात रुळत नसली तरी हेच, मी पहिल्या पावसाळ्यात बदलीसाठी खटपट करत होते तेव्हाही हेच.

खरं तर माशा पाळायचं शिकायला त्या नव्हे, त्यांचे यजमान जाणार होते. विश्वनाथमामा पाटबंधाऱ्याच्या कामावर पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाच्या रानात कधी सोडायचं हे त्यांच्या हातात, आणि बोलणं मात्र थेंबाथेंबानं. वीसेक वर्षांपूर्वी तालुक्याला मधमाशीपालनाचं आठ दिवसांचं शिबिर होतं. मामांनी नाव दिलं. पहिल्याच दिवशी माशांनी त्यांना असं काही घेरलं की डोळे बंद, ओठ सुजलेले, अशा अवस्थेत त्यांना एसटीतून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी आक्का त्यांच्या नावावर शिबिराला जाऊन बसल्या. "फुकट गेलं असतं की," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. आठव्या दिवशी त्या दोन पेट्या घेऊन परतल्या.

तेव्हापासून त्या घराच्या अंगणात एक अदृश्य रेघ होती. चिंचेपासून पुढं आक्कांचा मुलुख, अलीकडं मामांचा. मामांच्या तोंडात दिवसभर तंबाखू असायची. आक्का म्हणायच्या, "त्या वासानं माशा खवळत्यात. त्येंनी यायचं न्हाय, अन् त्येंला यायचंबी नसतंय." जेवायला हाक मारायची झाली तर मामा रेघेच्या अलीकडून टाळी वाजवत. नाव घेत नसत, "अगं" म्हणत नसत. दोन टाळ्या. आक्का उठत. त्यांच्या संसारातलं बहुतेक बोलणं मी त्या दोन टाळ्यांतच ऐकलं.

मी शाळेत विज्ञान शिकवायची. एका हिवाळ्यात, करडई फुलली होती तेव्हा, सातवीच्या मुलींना आक्कांकडं घेऊन गेले. मुलींना लांब बसवून आक्कांनी एका पेटीच्या दाराकडं बोट दाखवलं. बोटभर फटीच्या तोंडाशी पाच-सहा माशा उभ्या होत्या. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकीला पुढच्या मिशांनी चाचपत होत्या आणि आत सोडत होत्या.

"ह्या दारवाल्या," आक्का म्हणाल्या. "ह्यांस्नी कुणाचं तोंड बघायचं नसतंय. वास बघायचा."

मग त्यांनी एका पेटीतली माशी काडीवर घेतली, तिच्या पाठीवर हळदीचा ठिपका दिला आणि तिला चौथ्या पेटीच्या दारात सोडलं. क्षणभर काही झालं नाही. एका दारवालीनं मिशा लावल्या, मग दुसरीनं. आणि एकदम दोघी तिच्या पंखांना लोंबकळल्या, तिला ओढत फळीच्या कडेला आणलं आणि खाली ढकललं. हळदीची माशी उडाली आणि सरळ आपल्या पेटीकडं गेली. तिथल्या दारवाल्यांनी तिला हुंगलं, हळदीसकट आत घेतलं.

मुली नकळत पुढं सरकल्या होत्या. एकीनं विचारलं, "आक्का, मग त्यांना आईचा वास कळतो का?"

"आईचा न्हाय गं पोरी. सगळ्या एकाच आईच्या असल्या तरी त्यानं भागत न्हाय. मेणाचा वास, खाल्लेल्या फुलांचा वास, अंगाला अंग घासून लागलेला वास. सगळ्यांचा मिळून एक. एकटीचा असा न्हायच."

मग त्यांनी त्या हळदीच्या माशीच्या पेटीतली मेणाच्या पोळ्याची एक फळी अलगद वर काढली. मेणाच्या एका घरातून नुकतीच एक माशी डोकं बाहेर काढत होती. फिकट, केसाळ, ओलसर. ती पुरती बाहेर येईपर्यंत आम्ही सगळ्या श्वास धरून होतो. आक्कांनी तिला बोटावर घेतलं आणि पुन्हा त्याच चौथ्या पेटीच्या दारात ठेवलं. दारवाल्यांनी मिशा लावल्या आणि बाजूला झाल्या. ती लटपटत आत गेली.

"हिला अजून कसलाच वास न्हाय," आक्का म्हणाल्या. "कुठंबी ठेवा. हप्त्याभरात तिथली हुती."

त्या दुपारी आम्ही परत निघालो. तेरणेच्या धरणाचं पाणी लांब चकाकत होतं, करडईवरून उबदार वारा येत होता आणि आम्ही सगळ्या जणी आपापल्या मनगटांचा वास घेत चाललो होतो. मीसुद्धा.

साथीच्या दुसऱ्या लाटेत आक्का आजारी पडल्या. तालुक्याच्या दवाखान्यात बारा दिवस होत्या. मामांना आत सोडत नसत. ते बाहेर लिंबाखाली बसून राहायचे आणि संध्याकाळी परतायचे. पेट्यांकडं जायची कुणाची हिंमत नव्हती. मी लांबूनच पसरट ताटल्यांत दगड ठेवून पाणी भरत असे, एवढंच.

आक्का परत आल्या त्या वाळून. अशक्त असल्या तरी त्या दुसऱ्याच दिवशी काठी टेकत पेट्यांकडं गेल्या. मी कुंपणाशी उभी होते. त्या पहिल्या पेटीशी वाकल्या, दाराला नाक लावलं. मग दुसरीला. मग तिसरीला. चौथीपाशी त्या तशाच बसल्या.

"काय झालं आक्का?"

"बाई," त्या म्हणाल्या, "ह्यात काय न्हाय."

"माशा आहेत की. आवाज येतोय."

"माशा हायत. वास न्हाय." त्यांनी मुठीत चिंचेचा पाला चुरगाळला, नाकाशी नेला. मग स्वतःचा पदर. मग माती. "कशालाच न्हाय."

डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. काहींचं लवकर येतं, काहींना वर्ष लागतं. आक्का ऐकून घेत. घरात भाजी करपून कोळसा व्हायची आणि त्या शेजारीच बसलेल्या असायच्या. एकदा मला म्हणाल्या, "आपल्याच घरात पाव्हणी आल्यागत वाटतंय. पातेलं माझं, चूल माझी, अन् कायबी मला वळखत न्हाय."

त्या उन्हाळ्यात तीन पेट्यांतली राणी मेली होती. आवाजावरून आक्कांना कळलं. बिनराणीची पेटी रडवेला सूर धरते. अशी पेटी एकटी फार दिवस टिकत नाही. तिला राणी असलेल्या पेटीशी जोडावं लागतं. खाली राणीची पेटी, वर पोरकी पेटी, आणि मधे वर्तमानपत्राचा एक कागद, त्याला दोन-चार बारीक चिरा. दोन्हीकडच्या माशा तो कागद कुरतडत राहतात. कुरतडता कुरतडता वरचा वास खाली उतरतो, खालचा वर चढतो. तोवर वरची पेटी उघडायची, हलवायची नाही. आक्का दर वेळी नाकानं ठरवायच्या. वरच्या फटीला एकदा नाक लावायचं, खालच्या दाराला एकदा. वास एक झाला की मगच हात लावायचा.

या वेळी त्यांनी तिघींतली पहिली जोडली आणि अंदाजानं हात लावला. कागद पुरता कुरतडला असेल असं वाटलं आणि घाईनं वरची पेटी उघडली. मी शाळेतून आले तेव्हा चिंचेखाली माशांचा सडा पडला होता. शेकडो. एकमेकींना धरलेल्या तशाच मेलेल्या. आक्का सुपानं त्या गोळा करत होत्या.

सूप रिकामं करून त्यांनी पाटावर अंग टाकलं. "देऊन टाकते पेट्या," त्या म्हणाल्या. "कुणाचं तरी नाक चालत असंल त्याला."

रेघेच्या अलीकडं मामा उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. तसेच घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा मोरीत बसून मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत होते. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी विचारलं, "मामा, दात दुखतोय का?" ते म्हणाले, "न्हाय. तंबाखू सोडली." मला वाटलं दवाखान्यातलं काही बघून घाबरले असतील. चिडचिड व्हायची, दिवसातून दहा वेळा खिसा चाचपायचे. पण सोडली ती सोडली. महिना असाच गेला. मग एके दिवशी आक्कांनी वाळत घातलेलं ते पेट्यांचं लुगडं त्यांनी खांद्यावर टाकलं, डोकं, कान त्यात गुंडाळले आणि रेघ ओलांडून चिंचेखाली गेले.

आक्का उठून उभ्या राहिल्या. "अहो, कुठं? डसतील!"

"डसू दे." मामा पेटीशी गुडघे टेकून बसले. "सांग. कुठं हुंगायचं?"

दोन माशा डसल्याच, एक कपाळाला, एक मानेला. ते हलले नाहीत. दाराला नाक लावून ते तसेच राहिले. मी कुंपणाच्या तारेला धरून बघत होते.

"काय येतंय?" आक्कांनी विचारलं.

मामांनी पुन्हा नाक लावलं. चाळीस वर्षं पाण्याच्या पाळ्या सांगितलेला माणूस. वासासाठी शब्द कुठून आणणार?

"गोड येतंय."

"गोड सगळ्याच येत्यात. कसलं गोड?"

मामांनी डोळे मिटले. मग ते अगदी हळू, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "तुझ्या पेटाऱ्यात ते लगनातलं लुगडं हाय न्हवं? ते काढल्यावर येतंय. तसं."

आक्का त्यांच्याकडं बघत राहिल्या. लग्नातलं लुगडं पेटाऱ्यात आहे, आणि त्याला वास आहे, हे या माणसाला ठाऊक होतं, हे बहुधा त्यांनाही नवीन होतं.

"अन् ह्या दुसऱ्या पेटीला?"

"ही... कालव्याला पाणी सोडल्यावर पयल्यांदा तापल्या मातीवर येतंय की नाही, त्यातलं थोडं. अन् कडू. लिंबाचा मोहर."

उरलेल्या दोन पोरक्या पेट्यांपैकी पहिली त्यांनी त्याच संध्याकाळी जोडली. खाली कालव्याच्या वासाची, वर लुगड्याच्या वासाची, मधे कागद. दुसऱ्या दिवशी आक्कांनी विचारलं. मामांनी वर हुंगलं, खाली हुंगलं. "दोन हायत." तिसऱ्या दिवशी विचारलं. "दोनच. पर वरच्या लुगड्याला जरा ओल आलीया." चौथ्या दिवशी आक्कांची मला हाक आली, मलाही तिथं उभं राहायचं होतं. मामांनी वर नाक लावलं. मग खाली. मग पुन्हा वर. त्यांच्या कपाळावर घाम होता. ते आमच्याकडं वळले तेव्हा चेहरा गोंधळलेला होता.

"मला कळंना झालंय," ते म्हणाले. "चुकतंय कायतरी. कुठली वरली अन् कुठली खालची, कळतच न्हाय. एकच येतंय."

आक्कांनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, सांगता येत नव्हतं. मग त्यांनी वरची पेटी उघडली. कागदाचे फक्त कडेचे तुकडे उरले होते. दोन्हीकडच्या माशा एकमेकींत मिसळून फळ्यांवरून चालत होत्या, मिशांना मिशा लावत होत्या, पुढं जात होत्या. एकही खाली पडली नाही.

त्यानंतर रोजचंच झालं. सकाळी उन्हं चढायच्या आत दोघं पेट्यांशी बसायचे. मामा हुंगायचे आणि सांगायचे. आक्का डोळे मिटून ऐकायच्या. मामांना शब्द सापडत गेले. एखाद्या पेटीला जात्याखालच्या पिठाचा वास असे, एखादीला रामलिंगच्या दाट झाडीतल्या ओल्या दगडाचा. एकदा म्हणाले, "ही पेटी आपला थोरला लहान असताना झोपून उठला की त्याच्या टाळूला यायचं तसली हाय." माझ्या खोलीची मागची खिडकी उघडी असायची आणि चहा निवून जायचा. सगळ्या गावात सर्वांत कमी बोलणारा माणूस आयुष्यभराचं साठलेलं असं एकेका पेटीजवळ ठेवत होता. हळूहळू माशांनी त्यांना डसायचं सोडलं.

पुढचा पावसाळा गेला, हिवाळा आला. एका सकाळी मी खोलीत वह्या तपासत बसले होते. कुंपणापलीकडून आक्कांचा आवाज आला, "बाई, दूध लागलं तुमचं!" मी धावत शेगडीकडं गेले. दूध खरोखरच तळाला लागलं होतं. गॅस बंद केला आणि मग माझ्या लक्षात आलं. माझ्या शेगडीपाशी त्या बाजूला नुसती भिंत आहे. तिथून दिसण्यासारखं काहीच नाही.

मी मागच्या दारानं बाहेर आले. आक्का एकट्याच लुगडं वाळत घालत होत्या. माझ्याकडं बघून त्यांना कळलं की मला कळलं.

"कधीपासून आक्का?"

"संक्रांतीच्या आधीपासनं." त्यांनी घराकडं एक नजर टाकली, मामा आत होते. "लोहाऱ्याच्या फाट्यावर उभी हुते. एसटी आली अन् धूर सोडला तोंडावर. असला घाण वास! म्या तिथंच हसाय लागले येड्यावाणी. लोक बघाय लागले."

"आणि पेट्यांचा?"

"हप्त्यानं त्यो बी आला. पुरता न्हाय. हाय पर."

"मग मामांना सांगितलं नाही?"

आक्कांनी लुगड्याची घडी सरळ केली. बराच वेळ केली.

"चाळीस वर्सं गप हुता ओ माणूस," त्या म्हणाल्या. "आता कुठं बोलाय लागलाय. नाक आलं म्हणून सांगितलं, की परत तिकडं जाऊन बसंल, टाळ्या वाजवत." आणि मग, जरा लाजून, "तसंबी, मला त्यो वास एवढाच येतोय. त्येंच्या तोंडनं लई येतोय."

मी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

माघाच्या अखेरीला भूमकडच्या एका शेतकऱ्याचा निरोप आला. त्याच्या कांद्याच्या बियाण्याचे गोंडे फुलले होते, परागीभवनासाठी काही दिवस पेट्या हव्या होत्या. आधी अशा वेळी आक्का एकट्या जायच्या आणि मामा घर राखायचे; या वेळी दोघंही निघाली. उन्हाळ्यात माझी बदली झाली तेव्हा ती दोघं अजून परतली नव्हती, त्यामुळं मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या निघण्याच्या सकाळी.

नुकतं उजाडत होतं. पेट्यांची दारं जाळीनं बंद करून त्या टेम्पोत चढवल्या होत्या. आक्का मागं पेट्यांमध्ये, दुमडलेल्या पोत्यावर बसल्या होत्या. मामा पुढं ड्रायव्हरशेजारी. मी हात हलवला. टेम्पो सुरू झाला, वीस-पंचवीस पावलं गेला आणि थांबला. मामा उतरले, मागं आले, फळीला धरून वर चढायला लागले. पाय वर पोचेना. आक्कांनी हात दिला. त्या दोघांना एकमेकांचा हात धरलेला मी सहा वर्षांत पहिल्यांदाच पाहिला.

टेम्पो पुन्हा निघाला. धरणाच्या पाण्यावरून धुकं रस्त्यावर आलं होतं, त्यात तो हळूहळू पांढुरका होत गेला. वळणावर पोचेपर्यंत मला एवढं दिसत राहिलं की मामा एका पेटीवर वाकले आहेत आणि काहीतरी सांगताहेत, आणि आक्का डोळे मिटून, मान तिरकी करून, त्यातलं काहीच आपल्याला ठाऊक नसावं अशा थाटात ऐकताहेत.